ओव्हनमधला रावस

ठाण्यात घरून माशाच्या ऑर्डरी घ्यायला लागल्यापासून एक प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. "काकू, ते तळलेलं नसतं ना?" नाही म्हटलं की पलीकडच्याला हायसं वाटतं आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "पण लागतं तळल्यासारखंच ना?" त्यालाही मी सरळ 'नाही' म्हणून टाकते. एखादी ऑर्डर हातची जाते, जाऊ दे. रव्यात घोळवून तव्यावर तळलेल्या सुरमईच्या तुकडीला तोड नाही. ओव्हनमध्ये तिची नक्कल करायला गेलं की रवा कच्चट राहतो आणि सुरमई मात्र कोरडी ठाक होते.

मी करते तो पदार्थच निराळा. जाड, बिनकाट्याचा मासा घ्यायचा. त्याच्या फक्त वरच्या अंगाला आलं, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट), तीळ, गवती चहा, तिरफळ अशा चवींचा ओला लेप द्यायचा, लेपावर कुरकुरीत चुऱ्याचा थर पसरायचा आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं ठेवायचा. तेल नावापुरतं लागतं हे खरं, पण तेवढ्यासाठी हा पदार्थ करू नये असं माझं मत आहे. तेलात जे जमत नाही ते इथे जमतं, म्हणून करावा. मिसो किंवा आल्याचा किस तेलात पडला की मासा शिजायच्या आत जळून कडू होतो. शिवाय दोन बोटं जाडीचा रावस तव्यावर आतपर्यंत शिजेस्तोवर बाहेरून पार वाळलेला असतो.

माझं शिक्षण केटरिंगचं. काही वर्षं मी एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काढली. तिथे मेनूकार्डावर 'एशियन क्रस्टेड फिश' असं मोघम छापलेलं असायचं. एशियन म्हणजे नेमकं कुठलं, हे गिऱ्हाईक विचारत नसे आणि आम्हीही सांगत नसू. सोया सॉस पडला की झालं एशियन! पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की अशा माशाचा एक पक्का पत्ता सापडतो आणि तो हवाई बेटांचा आहे. उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो माणसांच्या चुली तिथे शेजारी शेजारी पेटल्या आणि चवी एकमेकींत मिसळल्या. १९९१ साली तिथल्या बारा शेफनी एकत्र येऊन बेटांवरचेच मासे, भाज्या आणि घरोघरच्या या चवी हॉटेलांच्या ताटात आणायचं ठरवलं. त्यांतल्या अ‍ॅलन वाँग यांचा आल्याच्या थराचा ओनागा फार गाजला. ओनागा आपल्या तांबोशीच्याच कुळातला. चिनी घरांत उकडलेल्या गार कोंबडीबरोबर आलं आणि कांद्याच्या पातीची चटणी खातात, ती जोडी त्यांनी माशावर बसवली. तिथल्या घरांतून तर याहून सोपं चालतं. सॅमनवर मेयोनीज फासायचं, वर फुरिकाके, म्हणजे तीळ आणि नोरी या समुद्री शेवाळाची जपानी कोरडी चटणी, भुरभुरायची आणि ट्रे आत सरकवायचा. हे वाचून मला धीर आला. मुळात घरातूनच हॉटेलात गेलेला पदार्थ, तो माझ्या ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, व्हायलाच हवा.

मासा मी बाजारातल्या एका मावशींकडून घेते. इतक्या वर्षांची ओळख, तरी फिलेट मागितलं की त्यांचा चेहरा पडतो. "ताई, एवढा चांगला रावस, नि काटा काढून? काट्याबिगर माशाला चव काय राहते?" त्यांचं चुकत नाही. काट्यालगतच्या मांसाला चव जास्त असतेच. पण वरून लेप आणि थर लावायचा तर खाणाऱ्याला काटे वेचत बसवणं बरं नाही. मावशी कोयता ठेवून सुरी घेतात, डोक्यामागून पाठीच्या काट्याला सुरी टेकवून शेपटीपर्यंत एका हाताने ओढत नेतात आणि मांस उचलून बाजूला ठेवतात. हे बघायला मला अजून आवडतं. हॉटेलात मी ज्यांच्याकडून फिलेट काढायला शिकले त्यांच्या सुऱ्या महागड्या होत्या, पण पाठीच्या काट्यावर मावशींइतकं कमी मांस त्यांच्याही हातून राहत नसे.

उरतात ते मधल्या ओळीतले बारीक काटे. ते घरी आल्यावर मी स्वतः काढते. फिलेट कातडी खाली ठेवून पसरायचं, बोटाचं पेर डोक्याकडून शेपटीकडे हलकेच फिरवायचं; टोकं टोचत जातात. चिमट्याने टोक धरून डोक्याच्या दिशेने तिरकं ओढलं की काटा अलगद सुटतो. सरळ वर ओढला तर मांस फाटतं आणि त्या भेगेतून शिजताना पाणी गळतं. कंटाळवाणं काम आहे, पण गिऱ्हाइकाच्या घरी लहान मूल असलं तर याच कामावर आपलं नाव टिकतं.

अख्ख्या रावसातून फिलेट म्हणून हाती येतं ते निम्म्याहून कमी. नव्या गिऱ्हाइकाला भाव ऐकून धक्का बसतो तो इथे. 'बाजारात तर रावस इतक्याला मिळतो' असं ऐकवलं जातं. बाजारभाव डोक्या-शेपटीसकट असतो, हे मी एकदा समजावते, दुसऱ्यांदा नाही.

रावस नसेल तेव्हा जिताडा. रायगडातले लोक जिताड्यावर जीव टाकतात, तिथल्या शेततळ्यांतही तो वाढवतात. हॉटेलांच्या मेनूवर तोच 'सी बास' किंवा 'बॅरामुंडी' होऊन तिप्पट भावाने येतो. थायलंडमध्ये लिंबू, लसूण, मिरची घालून वाफवतात तो मासाही हाच. त्यामुळे गवती चहा आणि लिंबाच्या सालीचा लेप जिताड्यावर लावताना मला काही उसनं आणल्यासारखं वाटत नाही. तांबोशी मिळाली तर उत्तमच. पापलेटचं मात्र फिलेट काढू नये. २०२३ साली सरकारने त्याला राज्य मासा केलं, मान त्याला मिळायलाच हवा. पण पापलेट अख्खा खायचा मासा आहे, त्याचे पातळ काप करून ओव्हनमध्ये वाळवण्यात काय हशील?

बासाबद्दल नाकं मुरडणारे पुष्कळ. हा मूळचा व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातला, आता आपल्याकडे आंध्रातही त्याची मोठी शेती होते. वास नाही, काटा नाही, भाव कमी. चवही फारशी नाही, म्हणून वरचा लेप तिखट-आंबट असेल तर तो चालून जातो. त्याची अडचण पाण्याची आहे. गोठवलेल्या बासाच्या वजनात वरच्या बर्फाच्या थराचंही वजन असतं आणि सुटतानाही तो खूप पाणी सोडतो. रात्रभर फ्रिजमध्ये जाळीवर ठेवून, खाली ताटली लावून सोडवला तर ठीक. नळाखाली धरून घाईने सोडवलेला बासा ट्रेमध्ये स्वतःच्याच पाण्यात उकडतो.

या सगळ्या पदार्थाची गोम पाण्यातच आहे. माशाच्या मांसात जोडणारे तंतू फार कमी असतात आणि तेही थोड्या उष्णतेत विरघळतात, म्हणून मासा पटकन शिजतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. त्याला ओव्हनमधून लवकर बाहेर यायचं असतं. वरच्या चुऱ्याला लाल व्हायला मात्र वेळ हवा. ओल असेपर्यंत तो १०० अंशांच्या वर तापतच नाही आणि खमंग रंग यायला १४० अंशांच्या आसपास जावं लागतं. चुरा लाल होईपर्यंत थांबलात तर मासा गेला. मासा सांभाळलात तर चुरा पांढराफटक. हॉटेलात यावर उपाय होता. वरून धगधगणारी सॅलॅमँडर नावाची जाळी असायची, तिच्याखाली मिनिटभर धरलं की काम भागायचं. घरी ती कुठून आणणार?

घरचा उपाय साधा आहे: चुरा आधीच भाजून घ्यायचा. कढईत चमचाभर तेल, मंद आच, पांको (पावाचा जपानी चुरा) घालून सतत हलवत बदामी रंग येईपर्यंत परतायचा आणि लगेच ताटात काढायचा, नाहीतर कढईच्या उष्णतेने पुढे जातो. आता ओव्हनला त्याला रंग द्यायचा नाही, फक्त गरम ठेवायचं आहे. ही एक गोष्ट केली की बाकी सगळं सोपं होतं. पाककृतींच्या व्हिडिओंत ही पायरी बऱ्याचदा गाळलेली असते आणि शेवटी दाखवलेला मासा मात्र सोनेरी असतो. तो कसा झाला हे त्यांनाच ठाऊक.

पांकोला पर्याय शोधण्यात मी बराच वेळ घालवला. जपानी पांकोचा पाव विजेचा प्रवाह पिठातून सोडून शिजवतात, त्यामुळे त्याला बाहेरचं कडक कवच येत नाही. मग तो किसून सुकवतात, म्हणून त्याचे लांबट, पोकळ तुकडे होतात. आपल्याकडचा टोस्ट दळून केलेला चुरा म्हणजे भुकटी. ती ओल शोषते आणि लगद्यासारखी बसते. पांढऱ्या ब्रेडच्या कडा काढून, जाड किसणीवर किसून, मंद ओव्हनमध्ये रंग न येऊ देता सुकवला तर काम भागतं. पण मला सगळ्यात आवडलेला पर्याय पातळ पोह्यांचा. पोहे कोरडेच मंद भाजायचे, हाताने हलके चुरायचे, भाजलेले तीळ मिसळायचे. व्हिएतनाममध्ये हनोईजवळ कोवळ्या चिकट तांदळाचे हिरवे पोहे करतात, त्यांना कोम म्हणतात. कोळंबी त्यात घोळवून तळतात. म्हणजे तांदळाच्या पोह्यांचा थर माशावर चढवणं हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. पोह्यांचा थर पांकोपेक्षा जास्त वेळ कुरकुरीत राहतो, असा माझा अनुभव आहे.

लेपाआधी मासा मी मिठाच्या पाण्यात ठेवते. एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम मीठ, दहा मिनिटं, बास. मग सुती पंच्याने दोन्ही बाजूंनी टिपून, दाबून कोरडा करायचा. यामुळे शिजताना माशावर जे पांढरे फेसकट ठिपके उमटतात ते कमी होतात. ते ठिपके म्हणजे माशातलंच प्रथिन, खराब काही नव्हे. पण फोटो काढून पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कोण समजावणार! मिसोचा लेप असेल तर मिठाचं पाणी टाळते, मिसो खारटच असतो.

आता लेप. आलं-पातीचा लेप सगळ्यात जास्त खपतो. दीडशे ग्रॅमच्या चार तुकड्यांना दोन मोठे चमचे किसलेलं आलं, अर्धी वाटी बारीक चिरलेली पात, चमचाभर सोया सॉस, चमचाभर तिळाचं तेल. तेल मात्र भाजलेल्या तिळाचं, गडद रंगाचं हवं. आपलं नेहमीचं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो वास येत नाही. आल्याचा किस पिळून थोडा रस काढून टाका. रस वाया जात नाही, चहात घाला. सगळं मिळून घट्ट असावं, माशावरून ओघळता कामा नये. साखर, मध किंवा गोड चिली सॉस घालायचा मोह होतो. घालायचाच तर अगदी थोडा, कारण कडेला ओघळलेली साखर ट्रेवर जळते आणि तिचा कडवट धूर माशात शिरतो.

मिसोच्या लेपात मी एक भाग फिकट मिसो आणि दोन भाग मेयोनीज घेते. मेयोनीजमधलं तेल माशाचा पृष्ठभाग सुकू देत नाही आणि चुरा धरून ठेवतं. मिसो पूर्वी क्रॉफर्ड मार्केटमधल्या आयात मालाच्या दुकानांत जाऊन आणावा लागे, आता घरपोच येतो. फ्रिजमध्ये कित्येक महिने टिकतो, त्यामुळे डब्याची किंमत बघून घाबरू नये.

आणि तिरफळ. सासूबाई वेंगुर्ल्याच्या, त्यामुळे घरात तिरफळांची बरणी कायम. बांगड्याच्या कालवणापलीकडे ती फारशी उघडत नसे. हॉटेलात असताना सेचवान मिरी पहिल्यांदा जिभेवर ठेवली आणि जीभ बधिर होऊन मुंग्या आल्या, तेव्हा हे आपल्या ओळखीचं आहे एवढं कळलं होतं. दोन्ही वनस्पती एकाच वंशातल्या आहेत. तिरफळाची चव थोडी जास्त रानटी, संत्र्याच्या सालीकडे झुकणारी. आतलं काळं बी टाकून द्यायचं, ते दाताखाली वाळूसारखं कचकचतं. नुसतं टरफल तव्यावर गरम करून कुटायचं. भरड शेंगदाणे, लसूण, सुकी मिरची आणि चिमूटभर तिरफळ असा थर मी रावसावर लावते. सासूबाईंनी पहिला घास घेऊन "तिरफळ बरोबर पडलंय" एवढंच म्हटलं. त्यांच्याकडून हे बरंच झालं.

गवती चहाच्या पाती आपण चहात टाकतो. थाई स्वयंपाकात वापरतात तो बुंध्याकडचा पांढरा, मऊ भाग. कुंडीतल्या गवती चहाचे बुंधे बारीक असतात, तरी बाहेरची दोन आवरणं सोलली की आत बोटभर कोवळा भाग निघतो. तो आडवा, अगदी पातळ चिरायचा. उभा चिरला तर दोऱ्यासारखा दातांत अडकतो.

ओटीजीवर दोन शब्द. त्याला पॉवर पॉइंट लागतो, शेगडीजवळच्या साध्या प्लगवर लावू नये. आत एक वेगळा थर्मामीटर लटकवा. माझ्या ओटीजीचं बटण २२० दाखवतं तेव्हा आतला काटा जेमतेम १९०वर असतो. वीस मिनिटं आधी तापवा. ट्रेला खाली बेकिंगचा कागद, मासा कातडी खाली ठेवून, थर फक्त वर. खालच्या बाजूलाही चुरा लावणारे आहेत. तो भिजून चिखल होतो. चार तुकड्यांपेक्षा जास्त एका वेळी घालू नका. वेळेचा अंदाज कॅनडाच्या मत्स्यखात्याने पूर्वी लोकांना दिलेला सोपा नियम देतो: कडक ओव्हनमध्ये जाडीच्या दर इंचाला दहा मिनिटं. शेपटीकडचा पातळ भाग आत दुमडून घेतला की सगळी जाडी सारखी होते. अमेरिकेतल्या सरकारी सूचनेनुसार माशाच्या मध्यभागी ६३ अंश हवेत. मी ६०ला बाहेर काढते, जाळीवर दोन मिनिटांत उरलेले अंश तो आपसूक चढतो. थर्मामीटर नसेल तर सुरीचं टोक मधोमध खुपसून दहा सेकंद थांबा आणि ओठाला लावा. चटका बसला तर झाला.

डिलिव्हरी हा या धंद्यातला माझा सगळ्यात मोठा वैताग होता. गरम मासा डब्यात बंद केला की वाफ कोंडते आणि पाचपाखाडीहून घोडबंदरला पोचेपर्यंत कुरकुरीत थराचं वाटण होतं. डब्याला भोकं पाडून पाहिली, मासा गार होऊन गेला. शेवटी भाजलेला मासा पाठवणंच बंद केलं. आता मी लेप लावलेला कच्चा मासा कागद घातलेल्या ट्रेमध्ये गार करून देते, भाजलेल्या चुऱ्याची पुडी वेगळी. सोबत चिठ्ठी: ओव्हन किती तापवायचा, चुरा आत सरकवण्याआधीच पसरायचा, त्याच दिवशी खायचा. एका गिऱ्हाइकाने चिठ्ठी न वाचता ट्रे तसाच साध्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि 'चव नाही' असा निरोप धाडला. आता मी ऑर्डर घेतानाच विचारते, घरात ओव्हन आहे का? नसेल तर तवा आणि झाकणावर होईल असा दुसरा पदार्थ सुचवते. सोया, तीळ, शेंगदाणे, अंडं यांपैकी काही चालत नाही का, हेही न चुकता विचारते. या पदार्थांत यातलं काही ना काही असतंच.

धंद्याचं वर्ष पंचांगाने चालतं. बुधवार, शुक्रवार, रविवार हातघाईचे; संकष्टी आली की फोन शांत. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारी बंद असते, तेव्हा तळ्यातला जिताडा मिळाला तर ठीक, नाहीतर गोठवलेला बासा. बंदी उठते न उठते तोच श्रावण. हे महिने मी नवे लेप करून बघण्यात घालवते आणि घरचे लोक निमूट खातात.

कुणी करून बघणार असाल तर एवढंच सांगते. बांगडा, मांदेली, बोंबील या वाटेला नेऊ नका. बांगड्याचा वास ओव्हनमध्ये आठवडाभर राहतो, बोंबलाला पाणी सुटतं आणि मांदेली म्हणजे तळून कुर्रम् खायची वस्तू. जाड मासा घ्या, कोळणीकडून समोर कापून घ्या आणि डोकं, काटे तिथेच सोडून येऊ नका. त्यांचं कालवण चांगलं होतं, आणि त्यांचे पैसे तुम्ही दिलेलेच असतात.